बांबूच्या नऊशे दोन नळ्या

मनिलाच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, लास पिन्यास नावाचं मासेमारी करणाऱ्या आणि मीठ पिकवणाऱ्या लोकांचं गाव होतं. १८१६ साली तिथल्या पाद्रीबाबांनी बांबू गोळा करायला सुरुवात केली. फिलिपिन्समध्ये बांबू गोळा करणं हे काही नवलाचं काम नव्हे. तिथे घराच्या भिंती बांबूच्या, जमीन बांबूची, मासे धरायचे सापळे बांबूचे आणि पाणी वाहायची नळकांडीही बांबूचीच. पण हे बांबू कुणाच्या घराला लागले नाहीत. किनाऱ्यावर खड्डे खणून ते वाळूत पुरले आणि महिनोन् महिने तसेच राहू दिले. पुढे त्यांतूनच गावच्या चर्चचा ऑर्गन तयार झाला. एकूण १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. भूकंप, वादळं, दोन-तीन लढाया आणि नव्वदएक वर्षांची हेळसांड सोसून हा ऑर्गन आज तिथेच, त्याच चर्चमध्ये वाजतो.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचापुढे बसून पायांनी भाता मारत वाजवायचं ते लाकडी वाद्य. पण त्या ऑर्गनमध्ये आणि आपल्या पेटीमध्ये नाद येतो तो पितळी सुरांमधून, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून. चर्चचा मोठा ऑर्गन वेगळा. त्याच्या बहुतेक नळ्या अलगुजासारख्या असतात. खालून हवा येते, नळीच्या तोंडाशी कापलेल्या धारेवर आपटते आणि आतला हवेचा स्तंभ थरथरू लागतो. फरक एवढाच की या नळीला बोटांसाठी भोकं नसतात. एका नळीतून एकच स्वर निघतो, दुसरा स्वर हवा तर दुसरी नळी पाहिजे. आणि एकाच स्वराचे निरनिराळे पोत हवे असतील, मऊ, टोकदार, घोगरा, झणझणीत, तर प्रत्येक पोतासाठी नळ्यांची वेगळी रांग. अशी रांग सुरू किंवा बंद करण्याच्या खटक्याला स्टॉप म्हणतात. म्हणून नळ्यांची संख्या शेकड्यांत आणि हजारांत जाते. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये असे ऑर्गन आहेत. त्यांच्या नळ्या युरोपातल्या रीतीप्रमाणे धातूच्या आणि लाकडाच्या. कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाचे पत्रे ओतायचे, रंधायचे, गोल वळवायचे आणि डाख देऊन जोडायचे, हे युरोपातल्या कारागिरांचं शेकडो वर्षं मुरलेलं काम होतं. लास पिन्यासच्या पाद्रीबाबांनी ते सगळं बाजूला ठेवून बांबू घेतला. ते वेडं धाडस नव्हतं, हे पुढच्या दोनशे वर्षांनी दाखवून दिलं.

या पाद्रीबाबांचं नाव दिएगो सेरा. जन्म २६ जुलै १७६२, स्पेनच्या उत्तरेकडच्या आरागोन भागातल्या ग्राउस गावी. योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात इंग्रजांचं आरमार मद्रासेहून निघालं आणि ऑक्टोबरात त्याने स्पेनच्या हातून मनिला जिंकून घेतलं. त्या मोहिमेत मद्रासकडचे हिंदी शिपाई होते आणि त्यांतले काही परत आलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइंता गावात संसार थाटून राहिले. दोन वर्षांनी इंग्रज निघून गेले, मनिला पुन्हा स्पेनचं झालं, आणि तीस वर्षांनी, १७९२ मध्ये, ग्राउसचा हा मुलगा ऑगस्टिनियन रेकोलेक्त पंथाचा धर्मगुरू होऊन तिथे उतरला. स्पेनहून फिलिपिन्सला जायची जुनी, रुळलेली वाट लांबची होती. अटलांटिक ओलांडून मेक्सिको, तिथून जमिनीवरून पलीकडचा किनारा, आणि मग अकापुल्को बंदरातून पॅसिफिकचा लांबलचक प्रवास. १७९५ पासून लास पिन्यास हे त्यांचं गाव झालं आणि पुढची साडेतीन दशकं तेच राहिलं.

सेरांना नुसते धर्मगुरू म्हणणं अपुरं आहे. ते ऑर्गन वाजवत आणि बांधतही. मनिलात त्यांनी आधी ऑर्गन बांधले होते आणि बांबूच्या नळ्यांचा अनुभवही तिथेच घेतला होता. रसायनशास्त्राची, निसर्गविज्ञानाची त्यांना जाण होती. लास पिन्यासला आले तेव्हा गावात धड चर्चही नव्हतं. १७९७ ला त्यांनी काम सुरू केलं, ते १८१९ पर्यंत चाललं. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ दगड तिथे भरपूर मिळतो, तिथले लोक त्याला आदोबे म्हणतात. भूकंपाच्या मुलखात टिकावं म्हणून भिंती जाड आणि इमारत बसकी. बावीस वर्षं एका चर्चला लागली, यात गावाच्या गरिबीचा वाटा असणारच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या माणसाला वाट पाहता येत होती. त्याशिवाय बांबू वाळूत पुरून कुणी स्वस्थ बसत नाही.

बांबू पुरण्यामागचं कारण आपल्याकडच्या बुरुडांना आणि कोकणातल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही. बांबूत पिष्ट असतं, आणि त्या पिष्टाला चटावलेले बारीक भुंगेरे त्याला पोखरतात. वरून काठी शाबूत दिसते, हाताने ठोकली की भोकांतून पीठ गळतं. म्हणून आपल्याकडे कोवळा बांबू तोडत नाहीत, पावसाळा सरल्यावर आणि वद्य पक्षात तोडतात, आणि मग वहाळात किंवा तळ्यात दडपून ठेवतात. पाण्याने आतला गोडवा निघून जातो, कीड फिरकत नाही. लास पिन्यासच्या किनाऱ्यावर खाऱ्या, ओल्या वाळूने तेच काम केलं. वर काढल्यावर ज्यांना कीड लागलेली दिसली ते बांबू आपोआप बाद झाले. जे टिकले तेच नळीसाठी घेतले. म्हणजे वाळू ही या कामातली पहिली परीक्षा होती, आणि ती मनुष्याच्या घाईने लवकर संपणारी नव्हती.

आता एक टिकलेला बांबू हातात घेऊन पाहू. ऑर्गनसाठी तो नळी म्हणून जन्माला आलेलाच आहे, पण त्यात अडचणीही तितक्याच आहेत. आतून प्रत्येक पेऱ्याला पडदा असतो, लांब नळी हवी तर ते पडदे फोडून आतली बाजू साफ करावी लागते, नाहीतर हवेचा स्तंभ सलग राहत नाही. धातूचा पत्रा हव्या त्या मापाला वळवता येतो, पण बांबूची जाडी ज्याची त्याने ठरवलेली. ऑर्गनच्या एका रांगेत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत नळीची लांबी आणि रुंदी दोन्ही ठरावीक हिशोबाने उतरत गेली पाहिजेत, तरच सगळ्या रांगेचा आवाज एका गळ्यातून आल्यासारखा राहतो. लांबी निम्मी केली की स्वर सप्तकभर वर जातो. सगळ्यात मोठ्या नळ्या माणसाहून उंच, सगळ्यात लहान बोटाएवढ्याही नाहीत. एवढ्या उतरत्या मापांचे बांबू शोधायचे, ते एकमेकांशेजारी लावून पाहायचे, न जुळणारे बाजूला टाकायचे. मग तोंड कापायचं. ही धार केसभर चुकली तर नळी फुसफुसते किंवा बोलतच नाही, आणि कापलेला बांबू पुन्हा जोडता येत नाही. असं नऊशे दोन वेळा. वाया गेलेल्या नळ्या धरल्या तर त्याहून कितीतरी जास्त वेळा.

हे काम एकट्या धर्मगुरूने केलं असणं शक्य नाही. बांबू तोडणारे, वाहणारे, वाळूत पुरणारे, रंधा मारणारे, भात्याला चामडं लावणारे हात गावकऱ्यांचे होते. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. ऑर्गन सेरांचा म्हणून ओळखला जातो, आणि ते योग्यच आहे. पण बांबूची पारख स्पेनमधून आणता येत नाही. कुठल्या बेटातला बांबू सरळ वाढतो, किती वर्षांचा झाला की कसदार होतो, हे ज्ञान त्या मातीतल्या माणसांचं होतं, आणि दोन ज्ञानं एकत्र आल्याशिवाय हा ऑर्गन झाला नसता याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

१८२१ मध्ये ऑर्गन वाजू लागला, पण अपुरा. तुतारीच्या नळ्या बाकी होत्या. स्पॅनिश ऑर्गनची ही खासियत. इतर नळ्या उभ्या असतात, तुतारीच्या नळ्या मात्र समोरच्या बाजूने आडव्या, थेट लोकांच्या डोक्यावरून रोखलेल्या. त्यांचा आवाज तीर सुटावा तसा सरळ सभागृहात शिरतो. या नळ्यांत पेटीसारखी पितळी जीभ असते, आणि तिच्या पुढचं नळकांडं कर्ण्यासारखं रुंदावत जावं लागतं. बांबू रुंदावत जात नाही, तो मुळापासून शेंड्याकडे उलट निमुळता होतो. सेरांनी शेवटी या नळ्या धातूच्या करायचं ठरवलं, आणि १८२४ मध्ये काम पुरं झालं. एकूण १२९ नळ्या धातूच्या झाल्या. कुणाला वाटेल की एवढ्यापुरता बांबूचा हट्ट सुटला. मला उलट इथेच कारागीर दिसतो. साहित्य जिथपर्यंत साथ देतं तिथपर्यंतच त्याच्याकडून काम घ्यावं, त्यापुढे त्याच्यावर जबरदस्ती करू नये, हे चांगल्या सुताराला आणि चांगल्या गवंड्याला ठाऊक असतं.

या ऑर्गनची आणखी एक स्पॅनिश रीत सांगण्यासारखी आहे. याला बोटांनी दाबायच्या पट्ट्यांची ओळ एकच. फ्रान्स-जर्मनीतल्या मोठ्या ऑर्गनना दोन, तीन, चार ओळी एकावर एक असतात, म्हणजे एका हाताने गंभीर आवाज आणि दुसऱ्याने झळाळता आवाज असं वाजवता येतं. स्पॅनिश कारागिरांनी यावर स्वस्त आणि हुशार तोडगा काढला होता. पट्ट्यांची ओळ मधोमध विभागायची आणि डाव्या अर्ध्याला वेगळे स्टॉप, उजव्या अर्ध्याला वेगळे. त्यामुळे वादक एकाच ओळीवर डाव्या हाताने मऊ साथ आणि उजव्या हाताने तुतारीची धून वाजवू शकतो. लास पिन्यासच्या ऑर्गनची रचना अशीच आहे. त्यात एक पक्ष्यांचा स्टॉपही आहे. बारीक नळ्यांची टोकं पाण्यात बुडवलेली असतात, हवा सोडली की किलबिल सुरू होते. ढोलाचा आवाज काढणारा स्टॉपही आहे, नाताळच्या आनंदाच्या संगीतात तो उपयोगी पडतो. ज्या माणसाने आठ वर्षं या वाद्यावर घालवली, त्याला त्यातून मुलांना हसू येईल असं काहीतरी ठेवावंसं वाटलं, हे मला फार आवडतं.

ती आठ वर्षं तशी शांततेची नव्हती. मनिला आणि अकापुल्को यांच्यामधली अडीचशे वर्षांची जहाजांची ये-जा १८१५ मध्ये बंद पडली, म्हणजे बांबू वाळूत पुरण्याच्या आदल्याच वर्षी. ज्या मेक्सिकोमार्फत स्पेन फिलिपिन्सचा कारभार चालवत असे, तो मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या आदल्या वर्षी मनिलात पटकी आली. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली ही साथ समुद्रमार्गाने पूर्वेकडे सरकत तिथे पोहोचली होती. परदेशी लोकांनीच विष कालवलं असा बोभाटा झाला आणि ऑक्टोबर १८२० मध्ये मनिलात परदेशी आणि चिनी माणसांची कत्तल झाली. धातू, अवजारं, माणसं, सगळंच दूरवरून आणि अनिश्चिततेत यायचं अशा दिवसांत गावाच्या हाताशी असलेल्या बांबूवर भरवसा ठेवणं शहाणपणाचंच होतं. सेरा २४ जून १८३२ रोजी वारले. पूर्ण झालेला ऑर्गन त्यांना आठच वर्षं ऐकता आला.

त्यानंतरची कहाणी मोडतोडीची आहे. १८६३ च्या भूकंपात मनिलाचं कॅथीड्रल कोसळलं. जुलै १८८० मध्ये लुझोन बेट पुन्हा हादरलं, आणि १८८२ च्या ऑक्टोबरात प्रचंड वादळ आलं. लास पिन्यासच्या चर्चचीही पडझड झाली, छप्पर गेलं, ऑर्गन उन्हापावसात उघडा पडला. लोकांनी वाचल्या तेवढ्या नळ्या काढून चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे पूजेची वस्त्रं आणि भांडी ठेवतात तिथे, नेऊन ठेवल्या. मग राज्यक्रांतीचे दिवस आले. गावाच्या दक्षिणेला सापोते नदी आहे. तिच्या पुलावर फेब्रुवारी १८९७ मध्ये फिलिपिनो क्रांतिकारकांची स्पॅनिश सैन्याशी आणि जून १८९९ मध्ये अमेरिकन सैन्याशी लढाई झाली. लढायांच्या, राज्य पालटण्याच्या आणि उपासमारीच्या त्या काळात वाळकी बांबूची नळकांडी चुलीत घालायला कुणालाही मोह झाला असता. ती गेली नाहीत. सगळी राहिली असंही नाही, पण पुरेशी राहिली. जीर्णोद्धाराच्या गोष्टीत सहसा बोलबाला होतो तो शेवटी येऊन दुरुस्ती करणाऱ्याचा. मला वाटतं, मधल्या काळात ज्यांनी काही फेकलं नाही त्यांचं नाव त्याच्या आधी घ्यायला हवं.

१९०७ मध्ये बेल्जियमहून शोयट मिशनचे धर्मगुरू फिलिपिन्समध्ये आले. त्यांच्यापैकी फादर व्हिक्टर फानिएल १९११ च्या सुमारास लास पिन्यासला होते. मागच्या खोलीतली नळकांडी पाहून त्यांनी थोडीफार दुरुस्ती करवून घेतली आणि मनिलातल्या परदेशी पाहुण्यांना हे नवल पाहायला यावंसं वाटेल अशी व्यवस्था केली. ऑर्गन अर्धामुर्धा वाजू लागला. पुढेही अधूनमधून डागडुजी होत राहिली, पण ती मिळेल त्या माणसाने मिळेल त्या साहित्याने केलेली. मग दुसरं महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत इन्त्रामुरोस, म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं शहर, जवळजवळ जमीनदोस्त झालं. तिथल्या चर्चांपैकी एक सान आगुस्तीन तेवढं उभं राहिलं. सेरा ज्या पंथाचे, त्या रेकोलेक्तांचं सान निकोलास चर्चही त्यात गेलं. राजधानीतलं भव्य ते नाहीसं झालं आणि बारा-पंधरा किलोमीटरवरच्या मीठवाल्यांच्या गावातलं बांबूचं वाद्य राहिलं.

१९७० च्या सुमारास मात्र त्याची अवस्था अशी होती की आता नाही तर कधीच नाही. कित्येक नळ्या मुक्या, भाते फाटलेले, पट्टीपासून नळीपर्यंत जाणाऱ्या पातळ लाकडी दांड्या वाकड्या. उष्ण, दमट हवेत ऑर्गनचं शत्रुत्व सगळ्यांशीच असतं. वाळवीला लाकूड हवं, उंदराला चामडं हवं, सरस ओलाव्याने सुटतो. गावच्या बेल्जियन धर्मगुरूंनी पुढाकार घेतला, लोकांनी आणि सरकारने हात दिला. पश्चिम जर्मनीतल्या बॉन शहरात क्लाइस घराण्याची ऑर्गन बांधायची कार्यशाळा आहे, १८८२ मध्ये सुरू झालेली, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. तिच्याशी १९७२ मध्ये करार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात फिलिपिन्सवर लष्करी कायदा लादला गेला होता. १९७३ मध्ये ऑर्गन सुटा करून, पेट्यांत भरून जर्मनीला रवाना झाला.

बॉनमध्ये पहिलाच प्रश्न हवेचा होता. जर्मनीतल्या हिवाळ्यात खोल्या तापवतात, आतली हवा कोरडी होते. दीडशे वर्षं समुद्राच्या दमट हवेत मुरलेला बांबू त्या हवेत ठेवला असता तर उभा तडकला असता. आणि समजा तिथल्या हवेत नीट जुळवला असता, तरी परत मनिलाला आल्यावर फुगून पुन्हा बेसूर झाला असता. म्हणून क्लाइसच्या लोकांनी आपल्या कार्यशाळेत एक खास खोली तयार केली. तिच्यात फिलिपिन्सइतका उकाडा आणि तितकाच ओलावा राहील अशी सोय होती. बाहेर ऱ्हाइनकाठची थंडी, आणि आत घाम गाळत कारागीर बांबूच्या नळ्या तपासताहेत. ऑर्गनला युरोपची सवय लावायची नाही, कारागिरांनी त्याच्या हवेत शिरायचं, हा निर्णय मला त्या सगळ्या जीर्णोद्धारातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरा प्रश्न मोहाचा होता. जुनं वाद्य हाती आलं की त्यात सुधारणा करायची इच्छा कारागिराला होते. आणखी एक पट्ट्यांची ओळ जोडावी, पायांनी वाजवायचा सुटसुटीत भाग घालावा, म्हणजे पुढच्या काळातलं संगीतही त्यावर नीट वाजेल. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात युरोपातल्या कितीतरी जुन्या ऑर्गनचं असं सुधारणेच्या नावाखाली नुकसान झालं. १९७० पर्यंत ऑर्गनवाल्यांचं मत बदललेलं होतं. बांधणाऱ्याने जे केलं तेच परत उभं करायचं, जी जुनी नळी वाचवता येईल ती वाचवायची, आणि जी नवी घालावी लागेल ती जुनीच्या शेजारी खपेल अशी करायची. लास पिन्यासच्या ऑर्गनला ही दृष्टी लाभली म्हणून आज तो सेरांचाच ऑर्गन राहिला आहे. एकच पट्ट्यांची ओळ, मधोमध विभागलेले स्टॉप, आडव्या तुताऱ्या, पाण्यातले पक्षी. आज ज्या नळ्या वाजतात त्यांत सेरांच्या देखरेखीखाली कापलेल्या नळ्या आहेत.

ऑर्गन बॉनमध्ये असताना इकडे चर्चचं काम चालू होतं. वास्तुशिल्पी फ्रान्सिस्को मान्योसा आणि त्यांचे सहकारी लुडविग आल्व्हारेझ यांच्याकडे ते सोपवलं होतं. बांबू, नारळ, शिंपले अशा देशी साहित्यातून आधुनिक इमारती उभ्या करणारे म्हणून मान्योसा पुढे देशभर नावाजले गेले. त्यांनी या चर्चला त्याचं एकोणिसाव्या शतकातलं रूप परत दिलं. आदोबेचा दगड मोकळा दिसू लागला, छताला बांबू आला. हेही ऑर्गनचंच काम होतं. ऑर्गनचा आवाज नळ्यांतून निघतो, पण तो घडतो भिंतींवर आणि छतावर. खोली चुकीची असेल तर उत्तम ऑर्गनही कोरडा वाजतो.

१३ मार्च १९७५ रोजी ऑर्गन परत आला. लोक त्याच्या स्वागताला रस्त्यावर उतरले. सुटे भाग पुन्हा जोडून, एकेक नळी गावाच्या हवेत पुन्हा लावून मे महिन्यात पहिली मैफल झाली. जर्मनीतल्या ट्रिअर कॅथीड्रलचे ऑर्गनवादक त्यासाठी आले होते. पुढच्या वर्षापासून दर फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सव भरू लागला. २०२५ मध्ये तो पन्नासावा झाला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती चांगल्या दुरुस्तीची गोष्ट झाली असती. पण त्या चर्चमधल्या काही माणसांना पुढचं दिसत होतं. वाजवणारा दरवेळी जर्मनीहून आणायचा, नळी बिघडली की बॉनला कळवायचं, असं किती दिवस चालणार? १९६९ पासून त्या चर्चमध्ये मुलांचा गायकवृंद होता. त्यातल्या हुशार मुलांना ऑर्गन शिकायला युरोपात पाठवायचं ठरलं. आर्मान्दो सालार्सा हा त्यातलाच एक मुलगा. ऑस्ट्रियात, ग्राझ आणि व्हिएन्नात शिकून तो परतला आणि बांबू ऑर्गनचा मुख्य वादक झाला, पुढे महोत्सवाची कलात्मक धुराही त्याच्याकडे आली. बाहेर शिकलेली माणसं बाहेरच राहतात हे आपण रोज पाहतो. युरोपातल्या एखाद्या मोठ्या चर्चची नोकरी सोडून एका बांबूच्या वाद्यासाठी परतायचं, तर त्या वाद्याशी लहानपणापासूनचं नातं असावं लागतं. गावाने ते नातं आधी जुळवलं आणि मग मुलाला परदेशी पाठवलं.

बांधणाऱ्यांचीही तीच वाट. सीलविन तागले यांनी ऑस्ट्रिया आणि जर्मनीत ऑर्गन बांधायचं शिक्षण घेतलं आणि १९९४ मध्ये लास पिन्यासमध्येच कार्यशाळा सुरू झाली. नाव ठेवलं दिएगो सेरा ऑर्गनबिल्डर्स. २००३ मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने बांबू ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केलं. त्याच सुमारास ऑर्गनला पुन्हा मोठ्या दुरुस्तीची गरज होती. तीस वर्षांपूर्वी तो सगळा पेट्यांत भरून अर्धी पृथ्वी ओलांडून गेला होता. २००३-०४ मध्ये तो गावाबाहेरही गेला नाही. नळ्या खाली उतरवल्या, तपासल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा चढवल्या त्या याच कार्यशाळेतल्या हातांनी. त्यांना खास तापवलेली खोली बांधावी लागली नाही. बांबू आणि माणूस एकाच हवेत होते.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश काळातले ऑर्गन आणखीही आहेत, बरेचसे मुके, काहींच्या नुसत्या लाकडी चौकटी उरलेल्या. या कार्यशाळेने त्यांतले एकेक हाती घ्यायला सुरुवात केली. १९४५ च्या आगीतून वाचलेल्या मनिलाच्या सान आगुस्तीन चर्चचा ऑर्गन त्यांनी वाजता केला. दक्षिणेकडच्या बोहोल बेटावर बाक्लायोन गावी १८२४ चा एक ऑर्गन होता, म्हणजे लास पिन्यासच्या ऑर्गनचा अगदी समवयस्क. १९६० च्या दशकापासून बंद पडलेला तो ऑर्गन २००८ मध्ये पुन्हा वाजू लागला. पाचच वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०१३ च्या सकाळी, ७.२ तीव्रतेच्या भूकंपाने बोहोल हादरलं. कित्येक जुनी चर्च मुळासकट कोसळली, बाक्लायोनच्या चर्चचंही मोठं नुकसान झालं. भिंती उभ्या करायला पुढे वर्षं लागली. ऑर्गनची तपासणी कोण करणार, हा प्रश्न मात्र या वेळी कुणाला परदेशी पाठवावा लागला नाही.